पाचवी केस

मंगल, परवा तू आमच्या संस्थेची सदस्य झालीस. ठराव एकमताने मंजूर झाला. कुणी हरकत घेतली नाही, कुणी कागद मागितला नाही, आणि चहाबरोबर खारी बिस्किटं होती. तुला जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते.

तू असतीस तर हसली असतीस. ओढणीचं टोक तोंडाला लावून, खांदे हलवत, आवाज न करता. त्या हसण्याचा मला फार राग यायचा, कारण ते बहुतेक वेळा माझ्यावर असायचं आणि बहुतेक वेळा बरोबरही असायचं. माझ्या भाषणांवर तू हसायचीस, फायलींना मी बांधलेल्या रंगीत दोऱ्यांवर हसायचीस, गोठ्यात शिरताना मी पँट मोज्यात खोचायचो त्यावर तर फारच. आता माझ्यावर कुणी हसत नाही. मी सत्तरीला टेकलोय आणि मला लवकर राग येतो, त्यामुळे घरात सगळे जपून बोलतात.

तू पहिल्यांदा आलीस ती श्रीगोंदा तालुक्यातल्या माझ्या दवाखान्यात, इंटर्नशिपला. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, वर पत्रे, पुढे जनावर उभं करायचा लोखंडी खोडा आणि आत मी. ॲक्युपंक्चर मी तेव्हा नुकतंच शिकून आलो होतो. लंगडणाऱ्या बैलांना, विऊन बसलेल्या गाईंना सुया लावत होतो, आणि तालुक्यातले बाकीचे डॉक्टर मला 'सुईवाले महाराज' म्हणत होते. तू दोन दिवस गप्प राहून बघितलंस आणि तिसऱ्या दिवशी विचारलंस, "सर, हे सुयांनी बरं होतं, की जनावर आपलं आपणच बरं होतं?"

"कधी हे, कधी ते."

"मग आपल्याला कसं कळतं?"

"लिहून ठेवलं तर कळतं," मी म्हणालो.

त्या एका उत्तरावर तू टिकलीस. इंटर्नशिप संपली, तू काष्टीला स्वतःची प्रॅक्टिस सुरू केलीस, तरी आठवड्यातून एकदा वही घेऊन यायचीस. तुझी आई शिवणकाम करायची. तिचा खडू तू पळवायचीस आणि सुई लावण्याआधी जनावराच्या अंगावर त्याने खुणा करायचीस. काळ्या म्हशीवर पांढऱ्या, पांढऱ्या गाईवर निळ्या. लोक म्हणायचे, डॉक्टरीणबाई म्हशीला ब्लाउज बेतायला आल्या. मी तुला म्हटलं होतं की हे बरं दिसत नाही, माणसं आपल्याला आधीच भोंदू समजतात. तू म्हणालीस, "सर, सुई कुठे लावली ते उद्या कुणाला विचारायचं झालं, तर खूण असलेली बरी." वर्षभरात मीही खडू वापरायला लागलो आणि ती कल्पना माझीच असल्यासारखा सगळीकडे सांगत फिरलो.

मग आम्ही चार जणांनी मिळून जनावरांना सुया लावणाऱ्या डॉक्टरांची संस्था काढली. कारण होतं आणि चांगलं होतं. बाजारच्या दिवशी जनावरांच्या बाजारात एक जण 'चायना सुई' म्हणून काहीही टोचत फिरायचा. एका घोडीच्या मानेत पू झाला, ती तडफडून मेली, आणि लोक आमच्याकडे त्याच नजरेनं बघायला लागले. आपल्या विद्येला सरकारदरबारी मान्यता नाही, पदवीच्या कागदावर तिचा उल्लेख नाही. तेव्हा आपणच आपले नियम करावेत, ते कडक करावेत, म्हणजे एक दिवस मान्यता मागायला तोंड राहील, असा माझा विचार होता. सदस्य व्हायला पशुवैद्यकाची पदवी हवी, ठरलेलं प्रशिक्षण हवं, दोन सदस्यांची शिफारस हवी आणि पाच केसेस हव्यात, प्रत्येकीवर पशुपालकाची सही. त्यांतल्या चार बऱ्या झालेल्या. पाचवी फसलेली.

ती पाचवी केस माझी. म्हणजे तो नियम माझा. तो मी भांडून घालून घेतला. ज्याची एकही केस फसलेली नाही, त्याने एक तर सुई लावलेली नाही, नाही तर तो खोटं बोलतोय, हे वाक्य मी किती सभांत टाळ्या घेऊन म्हटलं असेल. माझी स्वतःची पाचवी केस कोणती होती ते तुला माहीत आहे. एक म्हातारा कुत्रा, मागचे पाय गेलेला. मालकाची बदली झाली आणि उपचार अर्धवट राहिले. म्हणजे फसली ती बदलीमुळे. तू ती केस वाचलीस आणि ओढणी तोंडाला लावलीस.

आणि मग टिकली.

टिकलीबद्दल मला आज सगळं लिहायचं आहे, कारण इतकी वर्षं मी तिच्याबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. काष्टीजवळच्या वस्तीवर विमलबाईंच्या चार गाई होत्या. नवरा सुप्याला कंपनीत पाळीवर जायचा, गोठा बाईच बघायच्या. टिकली त्यांतली सगळ्यांत जास्त दुधाची, काळीपांढरी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. तीन दिवस ती खात नव्हती, दूध आटलं होतं, पाठ कमानीसारखी उचलून उभी राहायची. विमलबाईंनी तुला बोलावलं होतं. आणि नेमकं त्याच सकाळी मुंबईहून आलेले एक वरिष्ठ साहेब आमचं काम बघायला माझ्याबरोबर त्या बाजूला होते. मी तुला फोन केला, कुठे आहेस विचारलं, आणि म्हणालो, थांब, सुई लावू नकोस, आम्ही येतोय.

गोठ्यासमोर वीस-पंचवीस माणसं जमली. साहेबांना पुण्याला जायची घाई. तू माझ्याजवळ आलीस आणि हळूच म्हणालीस, "सर, आधी पाठ चिमटून बघायची का?"

ज्याला आपला धंदा माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. गाईने चाऱ्यातून तार किंवा खिळा गिळला की तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो आणि पुढे हृदयाकडे सरकतो. असं काही आहे का ते बघायला खांद्यामागची पाठ दोन्ही हातांनी जोरात चिमटायची. निरोगी गाय पाठ खाली दबवते. तार असेल तर तिला दबवता येत नाही, दुखतं, ती कण्हते. दोन मिनिटांचं काम. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही येतं.

मी म्हणालो, "नंतर बघ. साहेब निघतील."

आणि सुया लावल्या. पाठीच्या दोन्ही बाजूंनी, कमरेच्या खोलगटीत, पायांवर. वीस मिनिटांत टिकलीची पाठ सरळ झाली. ती रवंथ करायला लागली. विमलबाईंनी मक्याची पेंढी पुढे केली, तिने दोन घास घेतले. माणसांनी टाळ्या वाजवल्या, साहेब 'वा वा' म्हणाले, फोटो निघाला. त्या फोटोत मी सुई धरून उभा आहे, गाय खातेय, आणि कडेला हातात बादली घेतलेली तू, फोटोच्या चौकटीत अर्धीच आलेली. गाड्या गेल्यावर तू पाठ चिमटलीस. टिकलीने पाठ छान खाली दबवली. दबवणारच. वेदना मारायच्या सगळ्या जागांवर मी सुया लावून ठेवल्या होत्या. आम्ही सुईवाल्यांनीच करावी अशी चूक आहे ही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला ती जमणारसुद्धा नाही. आपल्याच इलाजाने आपणच दुखणं झाकायचं, आणि मग दुखणं नाही म्हणून खूश व्हायचं.

पुढे पंधरा-वीस दिवस तू तिच्याकडे जात होतीस. ती कधी खायची, कधी नाही. तू भुकेची औषधं दिलीस, मला फोन केलास. मी म्हणालो, पुन्हा एकदा सुया लाव. मग तिच्या छातीखाली पाणी उतरलं, मानेची शीर दोरखंडासारखी टरारली, आणि तेव्हा तुला कळलं, आणि तेव्हा काही उपयोग नव्हता. ती मेल्यावर भर दुपारी बांधावर तू तिला उघडलंस. हृदयाच्या पिशवीत बोटभर लांब तार होती, बांधकामाच्या सळया बांधतात ती. तू ती धुऊन मला आणून दाखवलीस. मी म्हणालो, "पहिल्या दिवशी कळलं असतं तरी वाचली असती असं नाही." तू म्हणालीस, "नसतीही, सर. पण आपण तिला तेवढीसुद्धा संधी दिली नाही." मग तू ती तार कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकलीस, आणि आपण दुसरं काहीतरी बोललो.

दोन महिन्यांनी तुझा अर्ज आला. चार केसेस इतक्या नेटक्या होत्या की मी त्या समितीत नमुना म्हणून वाचून दाखवल्या. पाचवी टिकली. तू कुणावर दोष ठेवला नव्हतास. लिहिलं होतंस: 'सुया सरांनी लावल्या. त्याआधी पाठ चिमटून पाहिली नाही. मला तसं सुचलं होतं, पण मी आग्रह धरला नाही. ही माझी चूक.' खाली विमलबाईंची सही.

आमच्या मान्यतेचा प्रस्ताव तेव्हा मुंबईला गेलेला होता. त्याला जोडलेल्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर टिकलीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'एका उपचारात चारा खाऊ लागलेली गाय'. पुस्तिका छापून आली त्या दिवशी ती गाय बांधात पुरलेली होती. हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं.

अध्यक्ष म्हणून मी तुझा अर्ज परत पाठवला. शेरा मारला, 'शवविच्छेदनाचा फोटो जोडलेला नाही.' तू फोटो जोडलास. मी पुन्हा परत पाठवला, 'पहिल्या तपासणीच्या वेळचे तापमान नमूद नाही.' तू वही काढून तापमान लिहून पाठवलंस, खाली वहीच्या पानाची झेरॉक्स. मला वाटलं होतं तू कंटाळशील, दुसरी एखादी केस घालशील. कंटाळणं तुला येतच नव्हतं, हे मी विसरलो होतो. याच दरम्यान दूध संघाने काष्टीला आठवड्यातून एक दिवस लंगड्या गाईंचा दवाखाना काढायचं ठरवलं आणि आमच्याकडे सदस्य असलेल्या डॉक्टरचं नाव मागितलं. तुझं गाव, तुझ्या ओळखीचे गोठे, तुझ्या हाताखालून गेलेली जनावरं. मी नगरच्या एका सदस्याचं नाव दिलं. तो चारचाकीने यायचा, दोन महिन्यांत कंटाळला, दवाखाना बंद पडला. तू त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाहीस. काढला असतास तर मला बरं वाटलं असतं. मला तुझ्याशी भांडता आलं असतं.

तिसऱ्यांदा मी जो शेरा मारला तो अगदी नियमात बसणारा होता. 'सुया अर्जदाराने स्वतः लावलेल्या नसल्याने सदर प्रकरण अर्जदाराचे धरता येत नाही.'

तू एसटीने नगरला आलीस, माझ्या घरी. व्हरांड्यात बसलीस. पाणी प्यायलीस. फाइल मांडीवर होती.

"सर, मग ती केस कोणाची आहे?"

"तो प्रश्न समितीपुढे नाही."

"मी समितीला नाही विचारत. तुम्हाला विचारते."

"हे बघ, मंगल. दुसरी दे एखादी. तुझ्याकडे काय फसलेल्या केसेस नाहीत?"

"आहेत की. पण त्यांत माझी चूक नव्हती. ती जनावरं जाणारच होती. ह्या एकीतच मी चुकले. तुमचा हात धरायला पाहिजे होता मला, आणि मी माणसं बघून गप्प बसले. तुम्हीच म्हणता ना, चुकलेली द्या म्हणून."

मी तुला मान्यतेच्या प्रस्तावाबद्दल सांगायला लागलो. संस्था, विद्या, पुढच्या पिढ्या, माझं नेहमीचं. तू ऐकून घेतलंस. त्या दिवशी तू हसली नाहीस, आणि मला ते जास्त लागलं. मी चिडून म्हणालो की तुला नियमांपेक्षा हट्ट महत्त्वाचा वाटतो. तू म्हणालीस, "नियम तुमचा आहे सर, मला आवडला म्हणून मी आले." आणि पाच वाजताच्या गाडीने परत गेलीस.

त्यानंतर आपण एकदाच भेटलो, काष्टीच्या बाजारात. तू एका खिल्लार बैलाच्या पाठीवर निळ्या खडूने खुणा करत होतीस. मला चहा पाजलास. माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. मी निघताना म्हणालो, "नवी केस घालून अर्ज दे, पुढच्या बैठकीत करून टाकू." तू म्हणालीस, "बघते, सर." ते तुझे माझ्याशी शेवटचे शब्द. त्यांत काही नाही. कितीही वेळा उलटून पाहिले तरी त्यांत काहीही सापडत नाही.

तुझ्या तापाचं मला कुणी कळवलं नाही. का कळवावं? चौथ्या दिवशी संस्थेच्या ग्रुपवर तुझा फोटो आला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली जोडलेले हात, एकाखाली एक. मीही हात जोडले. अंगठ्याने एक बटण दाबलं आणि झालं. मग मला चष्मा काढावा लागला.

तुझ्या जलदानविधीला मी आलो होतो. मागच्या रांगेत बसलो. बुद्धवंदना झाली, माणसं बोलली. एका म्हाताऱ्याने उठून फक्त एवढंच सांगितलं, "माजा बैल बसला हुता, बाईनी उठावला." आणि तो खाली बसला. जेवणं झाल्यावर तुझी आई माझ्याजवळ आली. तिच्या गळ्यात अजून मापाची टेप होती, काढायची राहून गेली असावी.

"सर, येक इचारू का? पोरीत काय कमी हुतं?"

"काही कमी नव्हतं."

"मंग मेंबर का न्हाई केली? मी जलमभर सुई चालवली, मला कुनी कागद मागितला न्हाई. हिला मागितला, तर हिनं दिला की समदा."

"एक केस राहिली होती."

"द्यायची राहिली?"

"नाही. दिली होती तिने."

आईने गळ्यातली टेप काढून मुठीत गुंडाळली. मग म्हणाली, "आमाला वाटलं हुतं, आमी कोन हाय ते बघून आडवलं आसंल. पोरगी लई चिडली माझ्यावर. म्हनली, आई, सर तसले न्हाईत."

मंगल, मी तसला नव्हतो. मी दुसऱ्या तऱ्हेचा होतो, आणि तुझ्या आईला त्या दोन्हींत फरक काय, हे मला सांगता आलं नसतं. मी तिच्या पाया पडावं असं मनात आलं. पण माणसं होती. माणसं होती म्हणून मीही गप्प बसलो.

परवाची बैठक नागापूरला झाली, एमआयडीसीत पशुखाद्याच्या कंपनीचा हॉल आम्ही मागून घेतो तिथे. सचिवांनी ठराव मांडला, डॉ. मंगल यांना मरणोत्तर मानद सदस्यत्व देण्यात यावे. मी तुझी फाइल घेऊन गेलो होतो. मी उठलो आणि म्हणालो की मानद नको, तिचा रीतसर अर्ज आहे, पाच केसेस आहेत, तो मंजूर करा, आणि पाचवी केस मी आत्ता वाचून दाखवतो.

सचिव म्हणाले, "सर, मानद सदस्यत्वाला केस लागत नाही."

"मला माहीत आहे. तरी मी वाचणार आहे."

मी वाचली. सगळी. त्यानंतर वाचायला नव्हतं तेही सांगितलं. पाठ नंतर बघ असं मी म्हणालो होतो, अर्ज तीनदा मी परत पाठवला, शेरे मी मारले, आणि पुस्तिकेतली गाय मेलेली आहे. माझा आवाज दोनदा बसला. मला वाटत होतं आता कुणीतरी उठेल. विचारेल, सर, तुम्ही हे इतकी वर्षं का लपवलं? अध्यक्षपद सोडा म्हणेल. मी सोडायच्या तयारीने गेलो होतो, पत्र खिशात होतं.

कुणी विचारलं नाही. शेजारच्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. एक तरुण डॉक्टर डोळे पुसत म्हणाला, "सर, शिष्येची चूक स्वतःवर घ्यायला मोठं मन लागतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हणत होतो, अरे, घेत नाहीये मी, ती आहेच माझी. पण पाणी आणा, सरांना बसवा, असं सुरू झालं होतं. मी राजीनाम्याचं पत्र काढलं तर सचिवांनी ते माझ्या हातातून घेऊन घडी करून परत माझ्या खिशात घातलं. ठराव होता तसा, मानद म्हणूनच, एकमताने मंजूर झाला; माझी हरकत कुणी हरकत धरलीच नाही. काल इतिवृत्त आलं. त्यात लिहिलंय, 'अध्यक्षांनी दिवंगत सदस्येच्या हृद्य आठवणी सांगितल्या.' मान्यतेचा प्रस्ताव पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. तो मुंबईत कुठल्या टेबलावर आहे हेसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. त्यासाठी मी तुला अडवलं होतं.

आज सकाळी मी विमलबाईंकडे गेलो. माझ्या मनात होतं की निदान जिची गाय गेली तिला तरी सांगावं. गोठा आता पक्का आहे, सहा गाई आहेत. बाईंनी मला ओळखलं, खुर्ची दिली. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. टिकली माझ्यामुळे गेली. मंगलने आधी तपासायचं म्हटलं होतं, मीच तिला थांबवलं.

विमलबाई समोर उंबऱ्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "सर, सही घ्यायला बाई आल्या हुत्या. तवा त्यांनीच सांगितलं, तपासायचं काम माझं हुतं, मी केलं न्हाई, म्हनून तुमची गाय गेली. मी लई वाईट बोलले त्यांला. नगं नगं ते बोलले. पुन्हा गोठ्यात पाय ठिवू दिला न्हाई. डेरीवर बी समद्या बायांला सांगितलं, हिला बोलवू नका. तवापासनं ह्या बाजूच्या वस्त्यांवर त्यांला कुनी बोलावलं न्हाई."

"मग त्यांनी काही सांगितलं नाही का? माझ्याबद्दल?"

"न्हाई. खाली मान घालून उभ्या हुत्या. मी सही दिली, तर 'उपकार झाले' म्हनल्या."

मला हे माहीत नव्हतं, मंगल. तू ती बाजू सोडलीस तेव्हा मी तुला फोनवर टोमणा मारला होता, मोठी डॉक्टर झालीस, वस्त्या नको वाटायला लागल्या. तू नेहमीसारखी हसली होतीस असं मला वाटलं होतं. आवाज न करता हसणाऱ्या माणसाचं फोनवर काय कळणार.

मी विमलबाईंना पुन्हा सांगितलं. हात जोडून सांगितलं. म्हणालो, बाई, तिने खोटा दोष घेतला, खरी चूक माझी आहे, डेरीवरच्या बायकांना तुम्ही हे सांगा. त्यांनी पदर सारखा केला. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल आदर होता, तो मला बघवेना.

"कळतंय मला, सर," त्या म्हणाल्या. "गेलेल्या मानसाला नाव ठिवू नये. तुमची शिकिवलेली पोर हुती, तुमी तिच्यावर पांघरून घालनार. मोठी मानसं तुमी. पन त्यांनी सोताच्या तोंडानं कबूल केलं हुतं, तिथं तुमी तरी काय करनार?"

मग त्यांनी मला दूध प्यायला दिलं. मी ते प्यायलो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी आता दोन ठिकाणी देऊन आलोय, मंगल. कुणी घेतलं नाही. ती केस माझी होती हे पटलं असतं असं एकच माणूस होतं, आणि ते व्हरांड्यात समोर बसून मला विचारत होतं.